एक जूनला जन्मलेलं गाव

मला व्यासपीठ दिसलं की अंगात येतं. तरुणपणी धुळ्यातल्या हौशी नाटकांतून मी खलनायक रंगवले. पुढे पोटासाठी महाविद्यालयातल्या संगणक प्रयोगशाळेत चिकटलो, पण मिशीला पीळ द्यायची सवय गेली नाही. नाटक सुटलं आणि त्याच्या जागी स्वतंत्र सॉफ्टवेअरचा प्रचार आला. खानदेशात या विषयावर बोलणारा मी एकटाच असावा. ऐकणाराही बऱ्याचदा मी एकटाच असतो.

व्याख्यानाला मी सोबत पत्र्याची पेटी नेतो. सभागृहातल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचं मनगटी घड्याळ मागून घ्यायचं, पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं आणि किल्ली दारातून डोकावणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात ठेवून म्हणायचं, "जा बाबा, चहा पिऊन ये." मग गृहस्थांकडे वळायचं.

"नाना, घड्याळ कोणाचं?"

"माझंच की."

"मग किती वाजले सांगा."

लोक हसतात. मग मी सांगतो की तुमचे फोटो, पत्रं, आवाज असेच कोणाच्या तरी पेटीत आहेत आणि किल्लीवाला कुठे चहा पितोय ते तुम्हाला माहीत नाही. पारोळ्याला एकदा किल्लीवाला खरंच अमळनेरच्या गाडीत बसून निघून गेला. शेवटी कापसाच्या एका व्यापाऱ्याने दोन किलोचं वजन मागवून कुलूप फोडलं. नाना घड्याळ हातात बांधताना मला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पण त्या दिवसाइतकं माझं व्याख्यान कोणाला कधीच समजलं नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. जे यंत्र आपण वापरतो ते आत काय करतं हे पाहता यावं. ते बदलता यावं, शेजाऱ्याला देता यावं. आणि जी सेवा आपण ऑनलाइन वापरतो तिथून आपलं सामान उचलून बाहेर पडता यावं, आणि हाकलून दिलंच तर 'का' असं विचारायला एक जिवंत माणूस असावा. एवढंच. हे सांगत मी धुळे, जळगाव, पहूर, चोपडा असा फिरलो. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर, लोकांना आपल्या फाईली ठेवता याव्यात म्हणून, मी स्वतः एक स्वतंत्र साठवणही उभी केली होती. तिच्यावर पाच खाती होती. त्यातली तीन माझीच.

आता अक्काबद्दल.

पारोळ्याजवळचं एक गाव हे माझं आजोळ. तिथे मामाच्या शेजारी अक्का राहते. नात्याने कोणी नाही, पण त्या गावाला मी भाचा, म्हणून तिलाही भाचा. आयुष्यभर तिने अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी भरवली. स्वतःचं मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला. होती ती एक थोरली बहीण, दोन घरं सोडून दिलेली. दोघी दिवसातून चारदा भांडायच्या आणि पाचव्यांदा एकमेकींच्या घरी भाजी पाठवायच्या.

या थोरलीकडे कानबाईची गाणी होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ लावून, लुगडं नेसवून देवी मांडतात. घराघरात नैवेद्याचे रोट होतात, परगावी गेलेले भाऊबंद झाडून गावी येतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं. बसवण्याचं वेगळं, दळणाचं वेगळं. सगळ्यांत लांब ते निरोपाचं. ते पूर्ण फक्त थोरलीला येत होतं. बाकीच्या बायका तिच्या मागे ओळी उचलायच्या, त्यामुळे सगळ्यांना ते येतं असं सगळ्यांना वाटायचं.

एका श्रावणात अक्काला काय वाटलं कोण जाणे, तिने थोरलीला दुपारी स्वयंपाकघरात बसवलं आणि फोनवर एकेक गाणं घेतलं. मी ती फोन धरायची पद्धत पाहिली आहे. दिवाळीत निरांजन धरावं तसा, दोन्ही हातांनी. मध्येमध्ये थोरली ओरडायची, "बंद कर वं ते, मन्हं दूध उतू जाई राह्यनं!" तेही त्यात आलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात थोरली गेली. त्यानंतर दर कानबाईला अक्का फोन लावायची, थोरली गायची आणि बायका मागे ओळी उचलायच्या. मेलेली बाई गावाला गाणं सांगायची. मला वाटतं, फोन नावाच्या वस्तूचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एका रविवारी मी आजोळी गेलो होतो. वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी अशी बेताची चार माणसांची जेवणं मी एकट्याने केली होती आणि डोळे मिटत होते. अक्का फोन घेऊन आली.

"भाचा, देख बरं. यानं पोट भरी गयं म्हनस."

फोनमधली जागा संपली होती. गाण्यांची प्रत ज्या सेवेवर तिचं खातं होतं तिथे आपोआप चढलेली होती. प्रत्येक फाईलपुढे बरोबरची खूण. सेवेनेच विचारलं, हे सगळं आमच्याकडे सुरक्षित आहे, फोनवरचं काढून टाकायचं का? बाहेर धुळ्याच्या गाडीचा भोंगा वाजला.

मी 'हो' दाबलं.

ज्या माणसाने निम्म्या खानदेशाला 'हो' दाबण्याआधी वाचा असं नाचून सांगितलं, त्या माणसाने. दाबलं आणि वर अक्काला म्हणालो, "काही काळजी नको. पुढच्या रविवारी हार्ड डिस्क आणतो, सगळं उतरवून माझ्याकडच्या साठवणीत ठेवतो." पुढच्या रविवारी मी जळगावला होतो. 'आपली माहिती, आपला हक्क' या विषयावर बोलत होतो. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे होते. मग परीक्षा आल्या. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत.

एका सकाळी अक्काचा फोन आला. तोही शेजारणीच्या फोनवरून.

"काय रे भाचा, मन्ही बहीण कोठे गई?"

खातं बंद झालं होतं. नियमांचं उल्लंघन केल्यामुळे, असं पडद्यावर लिहिलेलं.

"मी काय करं रे? कोनले शिव्या दिन्यात का मी?"

मी तसाच गाडी पकडून गेलो. तिथे कळलं की अक्का एकटी नाही. निम्म्या गावाची खाती एकाच दिवशी गेली होती. पण बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत नवी खाती उघडली आणि विषय संपवला. त्यांच्या जुन्या खात्यात होतं काय, तर सुप्रभात लिहिलेली फुलं.

या सगळ्यांची खाती पारोळ्याच्या बाजारातल्या एका मोबाइलवाल्याने काढून दिली होती. मी त्याच्याकडे गेलो. माणूस आनंदी, तोंडात कायम बडीशेप.

"सर, तेव्हाची गर्दी तुम्ही पाहिली नाही. रांग पार चौकापर्यंत. जन्मतारीख विचारली की प्रत्येक जण सांगायचा, एक जून. दहा जणांना विचारलं, दहाही एक जून. मग मी विचारायचंच सोडलं. साल तेवढं चेहऱ्यावरून टाकायचो."

यात त्याचा काही दोष नाही. आमच्याकडे शाळा जूनमध्ये उघडायच्या. आईबाप पोराला घेऊन जायचे, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप सांगायचा, ज्या वर्षी विहिरीला पाणी लागलं त्या वर्षीचा. गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून कान धरायला लावायचे आणि बसतील सहा वर्षं अशा बेताने एक जून लिहून टाकायचे. एका लेखणीने गुरुजींनी सबंध गाव एकाच दिवशी जन्माला घातलं. माझीही तारीख तीच. आई सांगायची की मी श्रावणातला, पण आईला दाखल्यावर सही करायचा अधिकार नव्हता.

तर एका दुकानातून, एकाच यंत्रावरून, एकाच दिवशी जन्मलेली शेकडो माणसं. लांब कुठेतरी बसलेल्या यंत्राने हिशेब केला की ही माणसंच नाहीत. कोणा भामट्याने रचलेली खोटी गर्दी आहे. आणि गर्दी पुसून टाकली.

"बरं, खातं परत मिळवायचा कोड कुठल्या नंबरवर जातो?" मी विचारलं.

मोबाइलवाल्याने बडीशेप चावणं थांबवलं. "माझ्याच जुन्या नंबरवर. लोकांना स्वतःचे नंबर पाठ नसायचे ना सर."

"मग दे ना तो."

"तो मी सोडला. आता दुसऱ्या कोणाकडे आहे. एक बाई उचलते. हिंदीत रागावते."

त्या बाईंना मी फोन केला. माझं सगळं नाट्यकौशल्य पणाला लावलं. आवाजात मध घातला, अक्काची कहाणी सांगितली, थोरलीचं दूध उतू जाण्यापर्यंत आलो आणि म्हणालो, बहनजी, आपके फोन पर एक ओटीपी आएगा, बस वो बता दीजिए.

"भैया," त्या शांतपणे म्हणाल्या, "ओटीपी किसी को नहीं देते. इतना भी नहीं मालूम?"

हे वाक्य गावोगाव शिकवत फिरणारा माणूस मीच. मला त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला आणि माझा नंबर बंदही करून टाकला.

मग मी अर्ज लिहायला बसलो. सेवेच्या पानावर फेरविचाराची एक चौकट होती. तिच्यात मी एक जूनचा सगळा इतिहास लिहिला. गुरुजी, विहीर, डोक्यावरून धरलेला कान, काही सोडलं नाही. अक्काचा शाळेचा दाखला जोडला, आधार कार्ड जोडलं. दोन्हीवर एक जून. पाठव म्हटलं आणि पाणी प्यायला उठलो. घोट घशाखाली जायच्या आत उत्तर आलं. 'आम्ही आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार केला आहे. निर्णय कायम आहे.'

मी पुन्हा लिहिलं. तक्रार निवारणासाठी जो अधिकारी असतो त्याच्या पत्त्यावर लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत, मग चिडून पुन्हा मराठीत. प्रत्येक वेळी काळजीपूर्वक विचार झाला. एकदा गंमत म्हणून रिकामं पत्र पाठवलं. त्याचाही काळजीपूर्वक विचार झाला.

अक्काला घेऊन मी धुळ्याला सायबर पोलिसांच्या कचेरीतही गेलो. टेबलामागचे साहेब भले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"आजी, चोरी काय झाली?"

"मन्ही बहीणना आवाज."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं.

"म्हणजे तुमची वस्तू यांच्याकडे तुम्हीच ठेवली."

"हो."

"कोणी फसवून घेतली नाही."

"नाही."

"कागद केला होता?"

"अटी होत्या. त्यांना 'मान्य आहे' म्हटलेलं होतं."

"वाचल्या होत्या?"

अक्का म्हणाली, "साहेब, माले वाचता येस. पन त्या मराठीत नव्हत्यात."

साहेब हसले, चहा मागवला, आणि खरंच वाईट वाटून म्हणाले, "यात गुन्हा कुठल्या कलमात बसवू, तुम्हीच सांगा." माझ्या व्याख्यानात कलमं नसतात.

मग मी सभा घेतली. धुळ्यात एक हॉल मिळवला. ठराव असा की खातं बंद करायचं तर करा, पण आधी माणसाचं सामान त्याच्या ओट्यावर आणून ठेवा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण मी त्या दिवशी केलं. मोजके लोक होते, पण काहींचे डोळे ओले झाले. सह्या गोळा करायचं काम मी एका उत्साही सहकाऱ्यावर सोपवलं होतं. आठवड्याने त्याने अभिमानाने सह्यांचा ऑनलाइन अर्ज दाखवला. तो त्याच सेवेवर केलेला होता. सही करायला आधी तिथे खातं लागत होतं. अक्काने नवं खातं उघडलं नव्हतं, त्यामुळे तिला स्वतःच्याच तक्रारीवर सही करता आली नाही. मी इतका हसलो की सहकाऱ्याला वाटलं मला आवडलं.

या सगळ्या काळात अक्का दर आठ दिवसांनी फोन करायची, बहिणीचा आवाज तिथे अजून आहे ना, एवढंच विचारायला.

"शे ना रे ती तठे?"

"शे अक्का. तठेच शे. कागदपत्रं चालू आहेत."

पहिल्या महिन्यात हे खरं असावं. नंतर मी नुसतं म्हणत होतो. खलनायक रंगवलेल्या माणसाला खोटं बोलणं जड जात नाही. जड जायचं ते तिचं त्यानंतरचं वाक्य. "मंग काय घाई नही. कानबाईपावत ऊनी म्हंजे झायं." कानबाईपर्यंत आली की झालं, एवढंच तिचं मागणं.

कानबाईच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं. मी प्रयोगशाळेत होतो, समोर पोरांची परीक्षा चालू होती. बंद खात्यांतली माहिती ठेवण्याची मुदत संपली असून ती कायमची काढून टाकण्यात आली आहे. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? पाच चांदण्या होत्या. एकही दाबली नाही तर पान पुढे जात नव्हतं.

सोमवारी सकाळी मी गावात पोचलो तेव्हा अक्काच्या अंगणात बायका जमलेल्या होत्या. पाटावर कानबाई नटून बसलेली, डोळे मोठे, नथ झुलती. जागरणाने सगळ्यांचे आवाज बसलेले. अक्काने मला पाहिलं आणि पदराला हात पुसत पुढे आली. हात तिने फोन घ्यायला पुढे केला होता.

"ऊनी का?"

मी तिला ओट्याच्या कडेला नेलं आणि सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी दाबलेलं 'हो', न आणलेली हार्ड डिस्क. खूप वेळ बोललो. माझी सवय आहे. अशा सेवा कशा असतात, आपलं आपल्याकडे का ठेवावं, मी वीस वर्षं हेच कसं ओरडून सांगतोय, असंही त्या भरात बोलून गेलो.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुले बठ्ठं आधीच माहीत व्हतं."

"हो."

"मंग माले काबरं नही सांगं?"

रागाने नव्हे. मी तिला का सांगितलं नाही हे तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारत होती. मी आठवायला लागलो. पारोळ्याच्या सभागृहात मी बोललो तेव्हा हे गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं. अक्काला बोलवावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिला काय त्यातलं कळणार, असं मला वाटलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

कोणीतरी हाक मारली, "अक्का, उशीर व्हई राह्यना, उचला!" देवी उचलली. अक्का पुढे झाली आणि निरोपाचं गाणं तिनेच धरलं. कानबाई अंगणातून निघते, चिंचेखाली थांबते, सोनाराच्या दारी थांबते, कुंभाराच्या दारी थांबते. प्रत्येक दारी घरची बाई तिला काही विचारते आणि ती उत्तर देते. बायका मागे ओळी उचलत होत्या. मिरवणूक गल्लीतून वळली. अक्काने कुंभारणीचा प्रश्न म्हटला, बायकांनी उचलला, आणि अक्का थांबली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिने पुन्हा कुंभारणीचा प्रश्न म्हटला. बायकांनी पुन्हा उचलला. मग कोणीच काही म्हटलं नाही.

चारपाच पावलं नुसत्या बांगड्या वाजल्या. नव्या सुनांना वाटलं गाणं संपलं. त्यातल्या एकीने फोनवर कानबाईचं ढोलाचं गाणं लावलं. सुरू व्हायच्या आधी केस गळतीच्या तेलाची जाहिरात लागली. बायका हसल्या, जागच्या जागी थांबल्या. कानबाईही थांबली. पाच सेकंदांनी सुनेने अंगठ्याने जाहिरात बाजूला सारली आणि सगळ्या नाचायला लागल्या. सुंदर नाचल्या. नदीपर्यंत कोणी थकलं नाही. काही हरवलंय असं कोणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही आणि मी कोणाला सांगितलंही नाही.

परतताना अक्का माझ्या शेजारून चालत होती. पदर ओला होता, पायाला वाळू. बराच वेळ ती स्वतःशी पुटपुटत होती. मग थांबून म्हणाली, "भाचा, कुंभारना दारना पुढे ती कोठे जास रे? तू तं ऐकेल व्हई."

मी त्या फाईली पाहिल्या होत्या. त्यांची नावं, त्यांचं आकारमान, प्रत्येकीपुढची बरोबरची खूण. त्यांच्यासाठी मी अर्ज लिहिले, सभा घेतली, भाषण करून लोकांना रडवलं. निरोपाचं गाणं मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

"आठवत नाही अक्का," मी म्हणालो.